पेल्विक पेनची सोनोग्राफी करताय? मग डीप एन्डोमेट्रिओसिस असा शोधा

पाळीत असह्य दुखतं, संबंधाच्या वेळी दुखतं, पाळीच्या दिवसांत शौचाला बसलं की कळ येते, आणि हातात मात्र 'नॉर्मल स्टडी'चे रिपोर्ट, अशा पेशंट येतच असतात. बऱ्याचदा झालेलं एवढंच असतं की युटेरस आणि ओव्हरीज बघितल्या की योनीतला प्रोब बाहेर, युटेरसच्या मागच्या बाजूला कोणी फिरकलंच नाही. डीप एन्डोमेट्रिओसिस, म्हणजे युटेरसच्या अस्तरासारखा टिश्यू बाहेर वाढून आजूबाजूच्या अवयवांत खोल रुतणं, बऱ्याचदा तिथेच राहून जातं.

सुरुवातीला दोन मिनिटं तिच्याशी बोला. कुठे दुखतं, कधी दुखतं, आधी ऑपरेशन झालंय का. ब्लॅडर अगदी रिकामी नको, थोडी लघवी असू दे म्हणजे भिंत नीट दिसते. पाळीचा कुठलाही दिवस चालतो. आणि दुखलं की लगेच सांगा, मी थांबते, हे आधीच सांगून ठेवा, कारण नेमकं कुठे दुखतंय हीच इथे माहिती असते.

आयडिया (IDEA) या डीप एन्डोमेट्रिओसिसच्या सोनोग्राफीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या ग्रुपने 2016 मध्ये चार पायऱ्या दिल्यात, क्रम मागेपुढे झाला तरी चालतो. पहिली नेहमीचीच, युटेरसमध्ये अॅडिनोमायोसिस (अस्तर स्नायूत घुसणं) आहे का, ओव्हरीत ग्राउंड ग्लास, म्हणजे धुरकट काचेसारखा एकसारखा राखाडी दिसणारा एन्डोमेट्रिओमा (जुन्या रक्ताची गाठ) आहे का. दुसरी, प्रोबने हलकं दाबून ओव्हरी सरकते का आणि नेमकी कुठे दाबल्यावर पेशंट दचकते ते बघा. दोन्ही ओव्हरीज युटेरसच्या मागे एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर पुढचं सगळं जास्तच बारकाईने करा.

तिसरी पायरी स्लायडिंग साइन (अवयव एकमेकांवरून मोकळे घसरले तर पॉझिटिव्ह, चिकटलेले असतील तर निगेटिव्ह), माझ्या मते सगळ्यात कामाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. युटेरस पुढे झुकलेला असेल तर प्रोबने सर्विक्सवर हळूच दाब द्या, रेक्टमची पुढची भिंत सर्विक्सच्या मागून मोकळी घसरते का बघा, मग दुसरा हात पोटावर ठेवून युटेरस हात आणि प्रोबच्या मध्ये हलवा आणि फंडसच्या (युटेरसच्या वरच्या टोकाच्या) मागे आतडं घसरतंय का बघा. दोन्हीपैकी एका जागी जरी सगळं एकत्रच हललं तर पाउच ऑफ डग्लस (युटेरस आणि रेक्टममधली खोलगट जागा) चिकटून बंद असल्याची शंका घ्या. फोटोत हे कळत नाही, व्हिडिओ क्लिप सेव्ह करा.

चौथी, नोड्यूल, म्हणजे डीप एन्डोमेट्रिओसिसच्या गाठी शोधणं. रेक्टमच्या खालच्या टोकापासून सुरू करून पुढची भिंत धरून सिग्मॉइडपर्यंत वर जा. नॉर्मल स्नायूचा थर पातळ, काळसर पट्टीसारखा दिसतो, तो एके ठिकाणी फुगून जाड काळा झाला की थांबा, तिन्ही दिशांनी मोजा, अॅनसपासून किती वर आहे ते लिहा. शौच भरलेलं असेल तर फसायला होतं, पोट साफ झाल्यावर परत बघा. युटेरोसॅक्रल लिगामेंट्स (सर्विक्सपासून मागे माकडहाडाकडे जाणारे पट्टे) सहसा दिसतच नाहीत, त्या जाड काळ्या दिसल्या तर गडबड आहे. व्हजायनाचा मागचा फॉर्निक्स (सर्विक्सच्या मागचा वरचा कोपरा), रेक्टोव्हजायनल सेप्टम (रेक्टम आणि व्हजायनामधला पडदा) आणि पुढे ब्लॅडरची भिंतही बघून घ्या.

शेवटी पोटावरून दोन्ही किडन्या बघाच, युरेटर (किडनीतून ब्लॅडरकडे जाणारी नळी) दबला तरी कित्येकदा काहीच दुखत नाही आणि किडनी गुपचूप जाते.

काहीच सापडलं नाही तर रिपोर्टमध्ये 'एन्डोमेट्रिओसिस नाही' असं लिहू नका. पोटाच्या आतल्या आवरणावरचे वरवरचे (पेरिटोनियल) डाग सोनोग्राफीत बहुतेक वेळा दिसत नाहीत, त्यामुळे 'डीप एन्डोमेट्रिओसिसची चिन्हं दिसली नाहीत' एवढंच लिहा, आणि स्लायडिंग साइन पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे वेगळ्या ओळीत.