दमट हवेत कॉफी टिकवायची कशी

ठाणे आणि नवी मुंबई ही दोन्ही शहरे खाडीकाठची असल्यामुळे येथील हवा वर्षभर दमट असते आणि पावसाळ्यात तर बरणीतल्या मिठालाही पाणी सुटते. म्हणूनच डबा घट्ट लावून कपाटाच्या अंधारात ठेवावा, हा नेहमीचा सल्ला येथे दोन-तीन आठवड्यांपुरताच उपयोगी पडतो. त्याहून अधिक काळ कॉफी ठेवायची असेल, तर ती छोट्या पाकिटांत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवणे हाच मार्ग मला खात्रीचा वाटतो.

भाजल्यानंतर कॉफीच्या बीमध्ये पाण्याचा अंश साधारणपणे पाच टक्क्यांहूनही कमी उरतो, त्यामुळे ती आजूबाजूच्या हवेतील बाष्प सहज ओढून घेते. त्याच वेळी प्राणवायूमुळे तिच्यातील तेल खवट होऊ लागते आणि सुगंध उडून जातो. दळलेल्या पुडीत हे सारे कितीतरी वेगाने घडते. म्हणून साठवण करायची ती अख्ख्या बियांचीच करावी. चिकमगळूर किंवा कोडगूहून येताना दोन किलो पूड दळून आणण्याचा मोह आवर्जून टाळावा.

खरेदी करताना पाकिटावर भाजल्याची तारीख आहे ना, हे पाहावे. ताज्या भाजलेल्या बिया काही दिवस कार्बन डायऑक्साइड सोडत असतात आणि पूर्ण बंद पिशवी त्यामुळे फुगते. यासाठी झडप असलेल्या मूळ पाकिटात त्या आठवडाभर राहू द्याव्यात आणि मगच घरात आठवड्याला जेवढी लागते तेवढ्याचे एकेक पाकीट करावे. झिपच्या जाड पिशवीतली हवा हाताने दाबून काढावी, ती दुसऱ्या तशाच पिशवीत घालावी आणि वर भाजल्याची व फ्रीजरमध्ये ठेवल्याची अशा दोन्ही तारखा लिहाव्यात. काचेची लहान बरणी वापरायची असल्यास ती काठोकाठ भरावी, कारण रिकाम्या जागेत हवाच उरते. आपल्याकडे बहुतेक फ्रीजरमध्ये बोंबील, कोळंबी किंवा वाटलेला मसाला असतोच आणि कॉफी हे वास फार लवकर धरते. दुहेरी पिशवी त्यासाठीही हवी. फ्रीजरचे तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असावे. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात मात्र कॉफी ठेवू नये, कारण तेथे पुरेशी थंडीही नसते आणि रोजच्या उघडझापीने ओलावा येत राहतो.

सर्वांत जास्त काळजी पाकीट बाहेर काढताना घ्यावी लागते. जुलैमध्ये थंडगार पाकीट ओट्यावर ठेवले की मिनिटभरात त्यावर पाण्याचे बारीक थेंब जमतात. ते त्याच क्षणी उघडले, तर हेच थेंब बियांवर जमतील. म्हणून पाकीट रात्रीच बाहेर काढावे, सकाळी वरून पुसून कोरडे करावे आणि मगच उघडावे. एकदा उघडलेले पाकीट पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवू नये. ते हवाबंद डब्यात, गॅसच्या शेगडीपासून दूर ठेवून आठवड्यात संपवावे. अशा रीतीने ठेवलेल्या बियांची चव पाच-सहा महिने उत्तम राहते.

फिल्टर कॉफी पिणाऱ्या घरांत चिकोरी मिसळलेली पूड येते. चिकोरी ओलावा पटकन धरते व पुडीचे गोळे होतात, तेव्हा चिकोरी वेगळी आणून लागेल तशी मिसळावी. इन्स्टंट कॉफीची बाटली न उघडता छापील मुदतीपर्यंत खुशाल ठेवावी. उघडल्यावर मात्र चमचा कोरडा असावा आणि वाफाळत्या दुधावर बाटली धरून पूड कधीही घालू नये, कारण ती सादळते ती बहुधा याच सवयीमुळे.

कच्च्या हिरव्या बिया अधिक टिकतात हे खरे असले, तरी त्यांतील ओलावा दहा ते बारा टक्क्यांवर स्थिर राहावा लागतो. मलबार किनाऱ्यावर मोसमी वाऱ्यात मुद्दाम ठेवलेल्या बिया फुगतात, फिकट होतात आणि त्यांचा आंबटपणा उतरतो. ती ‘मॉन्सून्ड मलबार’ कॉफी देखरेखीखाली तयार होते. आपल्या गॅलरीतल्या पोत्यात मात्र बुरशीच धरेल. कुबट वास आलेल्या किंवा बुरशी दिसलेल्या बिया उन्हात वाळवून वापरू नयेत, टाकून द्याव्यात.