नागपुरात राहून जड बॅग घेऊन लांब चालायची तयारी कशी करायची

आपलं नागपूर सपाट, इथं डोंगर नाही, मग पाठीवर १५ किलो घेऊन दिवसभर चालायची प्रॅक्टिस करायची कुठं, असं बरेच जण विचारून राहिले. कोणाला डिसेंबरात सह्याद्रीतला दोन-तीन दिवसांचा ट्रेक करायचाय, कोणी श्रावणात पचमढीच्या नागद्वार यात्रेला जातं आणि अख्ख्या ग्रुपचा शिधा पाठीवर घेतं, कोणाला आर्मीत जायचंय. तयारी सगळ्यांची जवळपास सारखीच आहे आणि ती नागपुरात आरामात होते, फक्त हातात कमीत कमी १२ आठवडे ठेवा.

इतके आठवडे काहून, तर दम लवकर वाढतो, दोन-तीन आठवड्यांतच फरक कळतो, मांड्याही महिना-दीड महिन्यात भरतात, पण पायाची हाडं, नडगी, टाचेमागची शीर हे सगळं लय हळू मजबूत होतं. गडबड इथंच होते. चौथ्या आठवड्यात दम मस्त वाटतो, माणूस जोशात येऊन वजन डबल करतो आणि मग नडगी ठणकायला लागते. नडगी सगळीकडून थोडी थोडी दुखत असेल तर दोन-चार दिवस बॅग बाजूला ठेवा, पण हाडावर एकाच ठिकाणी बोट दाबलं की जीव कळवळत असेल तर चालणं बंद करून हाडाच्या डॉक्टरला दाखवा, हाडाला बारीक चीर असू शकते आणि ती मलम लावून जात नाही.

सुरुवात आपल्या वजनाच्या १० टक्क्यांनी करा. ६० किलोचा माणूस असेल तर ६ किलो, बस. शेवटी १५ किलोपर्यंत जायचं, म्हणजे पाव हिस्सा, ट्रेकसाठी तेवढं पुरतं, आणि एक तृतीयांशाच्या वर तर जाऊच नका. यातला माझा एकच पक्का नियम आहे, एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवायची, वजन वाढवलं तर अंतर तेवढंच किंवा कमी, अंतर वाढवलं तर वजन तेवढंच. ५ किलोमीटरपासून दर आठवड्याला एक-दीड किलोमीटर वाढवत १० पर्यंत न्या, मग २ किलो टाका आणि अंतर परत ७ वर आणा, मग परत वर. दर चौथा आठवडा हलका ठेवा, अर्धंच चाला. हाडं त्याच आठवड्यात भरून निघतात, म्हणून तो बुडवू नका.

बॅग घेऊन आठवड्यातून दोनदाच चालायचं, रविवारी लांब, बुधवार-गुरुवारी छोटं, बाकी दिवशी रिकाम्या पाठीनं फिरा आणि दोन दिवस घरीच व्यायाम करा. जिम नसली तरी चालतं. पायरीवर चढणं-उतरणं, एक पाय पुढे ठेवून बैठका, टाचा उचलणं, प्लँक (कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरून ठेवणं). यात सगळ्यात कामाचं म्हणजे पायरीवरून एका पायानं हळू उतरणं, तीन मोजत खाली यायचं, कारण ट्रेकमध्ये गुडघ्याची खरी परीक्षा उतारावर असते, चढावर फक्त दम लागतो.

आता बॅग. आत टाकायला लोक डंबेल टाकतात, ते तळाशी जाऊन बसतं आणि कंबर मागे ओढतं. त्यापेक्षा तळाला जुनी उशी किंवा चादर कोंबा, त्यावर तांदळाची ५ किलोची थैली पाठीला चिकटून उभी ठेवा, म्हणजे वजन खांद्यांच्या मधोमध येतं, आणि बाकीचं वजन पाण्याच्या बाटल्यांनी भरा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हिशोब सोपा, आणि चढून झालं की वरच्या झाडांना पाणी ओतून हलकं होऊन उतरता येतं. पहिले काही आठवडे असंच करा, गुडघे वाचतात.

बॅग चढवायचीही पद्धत आहे. आधी सगळे पट्टे ढिले करा, बॅग घातल्यावर किंचित पुढे वाका, कमरेचा पट्टा बेंबीवर नाही तर दोन्ही बाजूच्या हाडांवर बसवून आवळा, मग खांद्याचे पट्टे ओढा, छातीचा सगळ्यात शेवटी. नीट बसली असेल तर खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज जातात आणि बरंचसं वजन कमरेवर वाटतं. चालताना हाताला मुंग्या यायला लागल्या किंवा बोटं बधिर झाली तर खांद्याजवळची नस दबून राहिली असं समजा, लगेच थांबा, खांद्याचे पट्टे ढिले करा, कमरेचा पट्टा घट्ट करा. "होईल ठीक" म्हणून तसंच रेटू नका, हात बरेच दिवस कमजोर राहू शकतो.

पायाचे फोड तर अर्ध्या लोकांचा ट्रेक बुडवतात. फोड घासण्यानं येतो आणि ओल्या पायाला लवकर येतो, म्हणून सुती मोजे नको, आत पातळ सिंथेटिक आणि वरून जाड असे दोन घाला. चालताना टाचेला किंवा अंगठ्याला चटका बसल्यासारखं वाटलं की त्याच मिनिटाला थांबायचं, बूट काढायचा, पाय पुसून कोरडा करायचा आणि तिथं मेडिकलमधली चिकटपट्टी सुरकुती न पडता लावायची. पुढच्या चौकात बघू म्हटलं की फोड आलाच. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा पाहिजे.

कुठं चालायचं म्हणाल तर सिव्हिल लाइन्सचे सावलीचे रस्ते, तिथून सेमिनरी हिल्सचा चढ, खाली फुटाळा तलाव, परत वर, असे दोन-तीन फेरे मारले की चांगली कसरत होते. अंबाझरीकडे सपाट मोठा फेरा मिळतो. उड्डाणपुलावर चढ मिळतो म्हणून काही जण जातात, नका जाऊ, पहाटे गाड्या सुसाट असतात. त्यापेक्षा बिल्डिंगचा जिना बरा, चौथा मजला असला तरी पुरे. महिन्यातून एकदा रामटेकला जा, ५० किलोमीटरच्या आसपास आहे, गडाच्या पायऱ्या बॅग घेऊन दोनदा-तीनदा चढा-उतरा, मंदिराच्या गर्दीच्या दिवशी मात्र नको.

वेग ताशी ५ किलोमीटर धरा, म्हणजे किलोमीटरला १२ मिनिटं, सोबतच्याशी बोलता आलं पाहिजे. बॅग घेऊन पळायचं नाही, अजिबात नाही. तासाभरात ५० मिनिटं चाला, १० मिनिटं बसा, बूट सैल करा.

आणि आपल्याकडचं ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, ऑक्टोबरातही चटका असतोच. नागद्वारवाल्यांची तयारी नेमकी एप्रिल-मे-जूनमध्ये येते, त्यांनी पहाटे साडेचारला निघून सातपर्यंत घरी यावं. शरीराला गर्मीची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, तेवढे दिवस वजन वाढवूच नका. दोन तासांच्या वर चालणार असाल तर नुसतं पाणी ढोसत राहू नका, घामासोबत मीठ जातं, त्यानंही चक्कर येते, एक लिटरमध्ये ओआरएसचं एक पाकीट टाकून घोट घोट प्या. सोबतचा कोणी असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, पाय लटपटले तर बॅग काढून सावलीत झोपवा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा, वाट पाहू नका.

दोन-तीन दिवसांचा ट्रेक असेल तर नवव्या-दहाव्या आठवड्यात शनिवार-रविवार लागोपाठ चाला, दुखऱ्या पायानं दुसऱ्या दिवशी निघायची सवय तेव्हाच होते. ट्रेकच्या एका दिवसाच्या पाऊण अंतरापर्यंत पूर्ण वजनानं पोचलात की झालं, पूर्ण अंतर आधी करायची गरज नाही. शेवटचे १० दिवस हलके ठेवा, नखं तीन-चार दिवस आधी सरळ कापा, आणि ज्या बूट-मोज्यांवर इतके आठवडे चाललात तेच घालून निघा, नवीन जोडी ट्रेकच्या दिवशी काढू नका.