जंतांना दाद न देणारी शेळी कळपातून कशी हुडकावी

एकाच रानात चरणाऱ्या उस्मानाबादी कळपातही जंत सगळ्यांना सारखे लागत नाहीत. थोड्या शेळ्यांच्या पोटात बहुतेक जंत, बाकीच्यांत नाममात्र. वंशाला ठेवायची ती ही दुसरी. पण अंगावरची चकाकी बघून ती ओळखायला जाऊ नका. काही शेळ्या जंत सोसून धष्टपुष्ट राहतात आणि लेंडीतून रानभर अंडी पेरत फिरतात. सोसणं वेगळं, रोखणं वेगळं. म्हणून अंडीच मोजायची.

कानात बिल्ले आणि हाताशी वही हवीच.

सगळं फसतं ते नमुन्याच्या वेळेत. ‘दर तीन महिन्यांनी सरसकट औषध पाजा’ हा सल्ला पाळलात, तर सगळ्यांचे आकडे शून्याजवळ येतात आणि निवडायला काही उरत नाही. शेवटचं औषध पाजून किमान 6 ते 8 आठवडे जाऊ द्या. रक्तपित्या जंताला पोटात शिरल्यापासून अंडी घालायलाच सुमारे तीन आठवडे लागतात. पावसाळ्याचा उत्तरार्ध उत्तम. आधी पाचसहा शेळ्या तपासा. सरासरी लेंडीच्या ग्रॅमला 500 अंड्यांच्या खाली असेल तर थांबा. तोवर दर आठवड्याला खालची पापणी उलटून बघा. ती पांढुरकी दिसली किंवा जबड्याखाली पाणी धरलं, तर त्या शेळीला त्याच दिवशी वजनावर औषध द्या. वहीत तिच्यापुढे फुली.

तुलना बरोबरीच्यांतच करा. नुकत्या व्यालेल्या शेळीची अंडी वाढतातच, तिला भाकडीशेजारी मांडलं तर चांगली शेळी बाद होईल. सर्वांत भरवशाची म्हणजे दूध तुटलेली, दोन महिने चरलेली, एका वयाची करडं.

लेंडी गुदद्वारातूनच घ्या, जमिनीवरची नको. पिशवीतली हवा दाबून काढा आणि पिशवी लगेच फ्रिजमध्ये ठेवा. उन्हात अंडी दिवसभरात फुटतात आणि आकडा खोटा कमी येतो.

2 ग्रॅम लेंडी मिठाच्या 28 मिली संपृक्त (आणखी मीठ विरघळणार नाही अशा) पाण्यात चुरून गाळा, मॅकमास्टर स्लाइडचे, म्हणजे अंडी मोजायच्या आखीव काचेचे, दोन्ही कप्पे भरा, 5 मिनिटं थांबा. मग सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीकडच्या आखलेल्या चौकटीतल्या लंबगोल अंड्यांची बेरीज गुणिले 50, हा ग्रॅममागचा आकडा. बारीक गोल दिसतात ते कॉक्सिडिया, जंत नसलेले वेगळे परजीवी, ते सोडा. बाहेरून तपासून घेणार असाल तर आकडाच मागा. नुसतं कमी-जास्त सांगणारा ‘प्लस-प्लस’चा अहवाल इथे बिनकामाचा.

महिन्याभराने पुन्हा मोजा, मध्ये औषध न दिलेल्यांचंच. दोन्ही वेळा अंड्यांच्या आकड्यात तळाला राहिलेल्या करडांतून बोकड निवडा. पुढच्या सगळ्या करडांत निम्मा वाटा त्याचाच.