कोकणच्या सड्यावर ईडीएफ जेट : निवड आणि बांधणी

ईडीएफ जेट, म्हणजे नळीत बसवलेल्या विजेच्या पंख्यावर उडणारे रिमोटचे मॉडेल विमान, घेताना बहुतेक जण आधी विमानाचे रूप निवडतात, मग मोटर आणि बॅटरी ठरवतात, आणि ते उडवायचे कुठे हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. कोकणात हा क्रम उलटा करावा. आपल्याकडे मॉडेल विमानांसाठी गुळगुळीत डांबरी धावपट्टी सहसा मिळत नाही. मिळतो तो जांभ्याचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, किंवा ओहोटीच्या वेळची पुळण. ईडीएफचा पंखा विमानाच्या पोटातल्या नळीत बसलेला असतो आणि तोंडासमोर येईल ते सारे आत ओढतो. त्यामुळे विमान कोणत्या जमिनीवर उतरणार, यावरच त्याचा आकार, हवा घेण्याची तोंडे आणि पंख्याचे आयुष्य अवलंबून राहते.

ओली, घट्ट पुळण पाहून चाकांवर धावणाऱ्या जेटचा मोह होतो, पण तो आवरावा. पुढच्या चाकाने उडवलेली वाळू थेट आत जाते, पंख्याची पाती खरवडते आणि बेअरिंगमध्ये शिरते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर अनेक ठिकाणी काळी वाळू आढळते. तिच्यात इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहयुक्त खनिजे असतात, आणि मॅग्नेटाइटचे कण मोटरमधल्या चुंबकांना असे चिकटतात की फुंकून निघत नाहीत. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात कासवे अंडी घालतात, तेथे तर विमान नेऊच नये. त्यापेक्षा सडा चांगला. पावसाळ्यानंतर वाळलेले गवत पोटावर उतरणाऱ्या विमानाला पुरेसे मऊ असते. मात्र उतरण्याच्या पट्ट्यातले जांभ्याचे सुटे खडे आधी वेचून काढावेत.

यावरून निवड बरीचशी आपोआप ठरते. पहिले जेट बिनचाकी असावे, हाताने किंवा रबरी दोरीने सोडता येणारे असावे, त्याची हवेची तोंडे बाजूला किंवा वरच्या अंगाला असावीत आणि पंख सरळ, जाड आणि ऐसपैस असावेत. एफ-१६ सारखे पोटाखाली तोंड असलेले विमान कितीही देखणे असले तरी सड्यावर उतरताना ते गवत आणि माती गिळणारच. स्वतः बांधणाऱ्यासाठी मी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे किरण सुचवेन. 1964 साली पहिले उड्डाण केलेले हे आपल्या वायुदलाचे प्रशिक्षण विमान आहे. त्याचे पंख सरळ आहेत, तोंडे दोन्ही बाजूंना आहेत आणि धड रुंद असल्याने बॅटरी पुढेमागे सरकवायला भरपूर जागा राहते. तेजसचा त्रिकोणी पंख दुसऱ्या किंवा तिसऱ्या विमानासाठी ठेवावा.

पंख्याचे बाजारात सहज मिळणारे व्यास 50, 64, 70, 80 आणि 90 मिलिमीटर आहेत. 50 चा पंखा वाऱ्यापुढे तोकडा पडतो, तर 80 आणि 90 च्या विमानांचे वजन हाताने फेकण्यापलीकडे जाते. म्हणून 70 मिलिमीटरचा पंखा आणि 4एस लिपो (चार सेलची लिथियम पॉलिमर) बॅटरी हा जोड सड्यासाठी योग्य वाटतो. सर्व सामानासह विमानाचे वजन सव्वा किलोच्या आसपास ठेवावे आणि पंख्याचा थ्रस्ट, म्हणजे विमान पुढे ढकलणारा जोर, वजनाच्या किमान 80 टक्के असावा. पाकिटावर छापलेला आकडा उघड्या हवेतल्या पंख्याचा असतो. नळीत बसल्यावर तो घटतो. म्हणून विमान तयार झाल्यावर शेपटीला दोरी बांधून ती प्रवासी सामान तोलण्याच्या डिजिटल काट्याला अडकवावी आणि खरा ओढा मोजावा.

आता बांधणीचा गाभा, म्हणजे हवेची वाट. पंख्याचे कार्यक्षेत्र म्हणजे नळीच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ वजा मधल्या मोटरच्या बोंडाचे क्षेत्रफळ. 70 मिलिमीटरच्या पंख्यात बोंड 32 मिलिमीटरचे असेल तर हे क्षेत्र सुमारे 30 चौरस सेंटिमीटर भरते. पुढच्या दोन्ही तोंडांची बेरीज याहून कमी नसावी. प्रत्येक तोंड साधारण 3 बाय 5 सेंटिमीटरचे ठेवले की गणित जुळते. हुबेहूब प्रमाणात केलेल्या विमानात तोंडे याहून लहान निघतात, तेव्हा काही जण पंख्याच्या पुढे पोटाला जादा भोक पाडतात. आपल्याकडे ते भोक पोटाला कधीही पाडू नये. धडाच्या पाठीवर पाडावे. जाळी बसवून कचरा अडवण्याचा विचारही सोडावा, कारण जाळीने थ्रस्ट जातो आणि बारीक वाळू मात्र जातेच.

तोंडाची कड धारदार ठेवली तर हवा तिथेच फाटते आणि पंख्यापर्यंत खवळलेली पोहोचते, म्हणून कडेला गोलाई द्यावी. दोन नळ्या पंख्यापुढे एकत्र येतात तिथे मधला पडदा निमुळता करावा आणि पंख्यापासून काही सेंटिमीटर अलीकडे संपवावा. मागची नळी हळूहळू अरुंद होत जावी आणि तिचे शेवटचे तोंड कार्यक्षेत्राच्या सुमारे 85 टक्के असावे. वरच्या उदाहरणात हा व्यास 57 मिलिमीटर येतो. यापेक्षा आवळले तर कमाल वेग वाढतो, पण विमान हातातून सुटतानाचा जोर कमी होतो, आणि हातफेकीच्या विमानाला तोच जोर हवा असतो. ही नळी स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पातळ शीटची करता येते. तिची गुळगुळीत बाजू आत ठेवावी आणि सांधा बाहेरून चिकटपट्टीने बंद करावा. पंख्याची चौकट बसवताना ती दाबली जाऊन लंबवर्तुळ होणार नाही याची फार काळजी घ्यावी, कारण पाती आणि कड यांच्यातले अंतर सगळीकडे सारखे राहिले पाहिजे.

धड आणि पंख 6 मिलिमीटरच्या डेप्रॉनचे, म्हणजे हलक्या फोमच्या शीटचे, करावेत आणि पंखात कार्बनची नळी आरपार घालावी. साधा सायनोॲक्रिलेट गोंद डेप्रॉन विरघळवतो, म्हणून फोमसाठीचा गोंद किंवा इपॉक्सी वापरावे. रंग फिकट द्यावा. एप्रिल-मेच्या उन्हात गडद रंगाचा फोम पाहता पाहता मऊ पडतो.

ईएससीची, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाची, क्षमता मोजलेल्या कमाल प्रवाहापेक्षा निदान 25 टक्के जास्त असावी, आणि तो हवेच्या वाटेलगत बसवावा म्हणजे थंड राहतो. तारा अपुऱ्या पडल्या तर मोटरकडच्या लांबवाव्यात, बॅटरीकडच्या नव्हे. उड्डाणाचा वेळ आधीच काढून ठेवावा. 4000 एमएएचच्या बॅटरीतले 80 टक्के वापरायचे आणि सरासरी प्रवाह 45 अँपिअर धरायचा, तर सव्वाचार मिनिटे मिळतात. टायमर साडेतीन मिनिटांवर लावावा. गुरुत्वमध्य सरळ पंखाच्या सरासरी रुंदीच्या पुढून 25 ते 28 टक्क्यांवर आणावा आणि त्यासाठी शिसे न वापरता बॅटरी सरकवावी.

पंखा पहिल्यांदा चालवताना त्याच्या फिरण्याच्या पातळीत कोणीही उभे राहू नये, कारण तुटलेले पाते त्याच दिशेने सुटते. कंप जाणवला तर पंखा समतोल केल्याशिवाय पुढे जाऊ नये. सिग्नल तुटताच मोटर बंद होईल असे फेलसेफ लावून ते जमिनीवर तपासावे.

आपल्या विमानाला ड्रोन नियम, 2021 लागू होतात, त्यामुळे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहूनच सडा निवडावा. चिपी विमानतळ आणि तटरक्षक दल वापरत असलेला रत्नागिरीचा विमानतळ यांच्या आसपास विशेष सावध राहावे. नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रातही उंचीला 400 फुटांची मर्यादा आहे, आणि विमान कायम नजरेच्या टप्प्यात हवे.

वेळ सकाळची घ्यावी. मतलई वारे पडून खारे वारे सुरू होण्याआधीचा काळ सर्वांत शांत असतो. दुपारी कड्यावर आदळणारा समुद्राचा वारा वर चढतो आणि त्याच्या आधाराने घारी घिरट्या घालू लागतात, तेव्हा विमान खाली ठेवावे. रबरी दोरीने सोडायचे असेल तर जांभ्यात पहारीने भोक पाडून खुंटी घट्ट बसवावी आणि विमानाचा हूक गुरुत्वमध्याच्या पुढे ठेवावा. विमान सोडण्यापूर्वी पंखा पूर्ण वेगात आलेला असावा, कारण ईडीएफला वेग धरायला वेळ लागतो आणि त्याची हवा शेपटीच्या पात्यांवरून जात नाही. प्रोपेलरच्या विमानात पडता पडता थ्रॉटल देऊन सावरता येते. येथे तसे होत नाही. म्हणून उतरतानाही थोडा थ्रॉटल ठेवून लांबून, वेगात यावे आणि गवताला टेकण्याच्या क्षणी मोटर बंद करावी, म्हणजे पंखा काडीकचरा ओढणार नाही.

घरी आल्यावर पंखा मऊ ब्रशने झाडावा, धातूच्या भागांवरची खारट ओल कोरड्या फडक्याने पुसावी, बेअरिंगला एक थेंब हलके तेल द्यावे आणि बॅटरी प्रत्येक सेलला 3.8 व्होल्टवर आणून सावलीत, पत्र्याच्या डब्यात ठेवावी.