मामाचं वावर फुगलं तेव्हा

साक्री तालुक्यात पांझरेकाठी माझ्या मामाचं वावर आहे. ड्रोनने नकाशे करायला मी तिथंच शिकलो. ६० मीटर उंचीवरून, कॅमेरा सरळ खाली धरून पावणेदोनशे फोटो काढले. फोटो एकमेकांना जोडून नकाशा बनवणारं वेबओडीएम हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर लॅपटॉपवर रात्रभर घरघरलं आणि सकाळी रंगीत त्रिमितीय वावर तयार! मामाने ते दोन मिनिटं निरखून पाहिलं. मग म्हणाला, "मन्हं वावर इतलं उंच कव्हय व्हयनं?"

वावर मधोमध पालथ्या परातीसारखं फुगलेलं होतं. पाटाचं पाणी पूर्वेकडून सोडलं की पश्चिमेच्या बांधाला जाऊन टेकतं, हे मामाला पायाखालचं. माझ्या नकाशात त्याच पाण्याला टेकाड चढावं लागत होतं.

नवशिक्यांची पहिली चूक हीच असते. सगळे फोटो एकाच उंचीवरून, सरळ खाली बघत घेतले, तर भिंगाचा वक्रपणा किती आणि जमिनीचा किती, हे सॉफ्टवेअरला वेगळं करता येत नाही. भिंगाचा दोष मग जमिनीच्या माथी बसतो. एकामागच्या एक फोटोंचा ८० टक्के आणि शेजारच्या पट्ट्यांचा ७० टक्के भाग एकमेकांवर येईल असं उड्डाण मी केलं होतं, तरी हे घडलं. १२ मेगापिक्सेलच्या छोट्या सेन्सरला ६० मीटरवरून एक पिक्सेल जमिनीवर साधारण २ सेंटिमीटरचा पडतो. हा आकडा ऐकून हुरळू नका. तो बारकाव्याचा आहे, अचूकतेचा नाही. ड्रोनमधला साधा जीपीएस काही मीटर सहज चुकतो.

दुसऱ्या खेपेला आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी उडालो आणि एक फेरी कॅमेरा तिरका करून मारली. चुन्याच्या आठ फुल्या आखल्या, चार कोपऱ्यांत आणि मध्येही. ओळखीच्या सर्व्हेयरने त्या आरटीके जीपीएसने, म्हणजे सेंटिमीटरपर्यंत नेमकी जागा सांगणाऱ्या यंत्राने, मोजून दिल्या. त्यातल्या पाच फुल्यांची मापं सॉफ्टवेअरला सांगितली, तिघींची नकाशा तपासायला लपवून ठेवली, कारण परीक्षेचे प्रश्न आधी फोडून काय उपयोग? आरटीके नसेल तर गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या. दोन फुल्यांच्या उंचीतला फरक ती बिनचूक दाखवते. नकाशा तिच्याशी जुळला नाही तर नकाशा चुकला. या वेळी मामाने नुसती मान हलवली.

ॲक्शन कॅमेरा, म्हणजे हेल्मेटवर लावतात तसला छोटा कॅमेरा, मी नदीवरच्या जुन्या फड बंधाऱ्यासाठी (गावाने मिळून पाणी वाटून घ्यायच्या फड पद्धतीचा बंधारा) वापरला. बाभळींखाली ड्रोन नेण्याची हिंमत नव्हती, म्हणून कॅमेरा बांबूला बांधला आणि भिंतीच्या कडेने दर दोन सेकंदांनी फोटो घेत चाललो. अशा कॅमेऱ्याचं भिंग फार रुंद, कडा वाकवणारं. त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये फिशआय हा पर्याय निवडावाच लागतो. स्थिरीकरण बंद ठेवा, ते प्रत्येक फ्रेम वेगळी कापतं. आणि हळू चाला. सेन्सर चित्र ओळीओळीने टिपतो, घाई केली की दगडही तिरपे येतात. बंधाऱ्यातलं पाणी मात्र मॉडेलमध्ये फाटक्या गोधडीसारखं आलं. चकाकत्या, हलत्या पृष्ठभागावर दोन फोटोंत जुळणारी खूणच सापडत नाही.

आपल्याकडचा उन्हाळा तर वेगळाच शत्रू. एप्रिलमध्ये दुपारी ड्रोन चालवायचा फोन तापून बंद पडला आणि ड्रोन डोक्यावर घोंघावत राहिला. घाम फुटला तो उन्हाने नव्हे. तेव्हापासून सकाळी १० च्या आत आटोपतो.

उडण्याआधी डिजिटल स्काय नकाशा, म्हणजे ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणारा सरकारी नकाशा, बघाच. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे आधी परवानगी न घेता उडता येतं त्या भागात, उंचीची मर्यादा १२० मीटर. विमानतळ किंवा संरक्षण खात्याची जागा जवळ असेल तर गृहीत काहीच धरू नका. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनने पैसे घेऊन काम करायचं तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. त्याची फी ड्रोन घेण्याआधीच हिशेबात धरा, मी धरली नव्हती.

रावेर-यावलकडून केळीच्या बागेचं काम आलं तर वारा पाहून हो म्हणा. पानं सतत हलतात, शिवाय सगळी झाडं सारखी. सॉफ्टवेअर एका झाडाचं पान दुसऱ्याला चिकटवून मोकळं होतं. मी अशा कामाला भल्या पहाटे जाऊन बसतो आणि पान हललं की चहा मागवतो.