आबांच्या कॅसेटी लॅपटॉपवर

आबांच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग कुठल्याच ॲपवर मिळणार नाही, म्हणून आधी तेवढ्याच कॅसेटी उतरवल्या. बाकी गाणी मी खुशाल स्ट्रीमिंगवर ऐकते.

टेपचं हेड (फीत ज्याला घासून वाजते तो भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीनं पुसा. सैल फीत पेन्सिलीनं गुंडाळा. मग कॅसेट एकदा शेवटपर्यंत पळवून मागे आणा. पडून पडून चिकटलेली फीत मोकळी होते. टेपच्या लाइन-आउटमधून वायर यूएसबी साउंड कार्डाला, तिथून लॅपटॉपला. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची पातळी उणे 6 डेसिबलच्या खालीच ठेवा, नाहीतर टाळांचा आवाज फाटतो. (आबांचे टाळ तसेही जोरातच!) 60 मिनिटांच्या कॅसेटला तासच लागतो. मूळ फाइल फ्लॅकमध्ये (यात आवाजातलं काही गळत नाही), एमपीथ्री फक्त फोनसाठी. सॉफ्टवेअरनं खरखर फार काढत बसू नका, चिपळ्यांची धार जाते. कॅसेटी मात्र मी टाकल्या नाहीत.