कम्युनिटी टेक कॉन्फरन्ससाठी जागा आणि स्पॉन्सर कसे मिळवायचे
आधी जागा पक्की करा, मग स्पॉन्सरकडे जा, कारण तारीख आणि ठिकाणच नसेल तर कंपनीतला माणूस साहेबांकडून मंजुरी तरी कशाची घेणार? कॉलेजचे हॉल सुट्टीच्या दिवशी बऱ्याचदा रिकामे असतात, एखाद्या प्राध्यापकाला सोबत घेतलं की काम निम्मं होतं. ब्रसेल्सची फॉसडेम ही ओपन सोर्स सॉफ्टवेअरवाल्यांची कॉन्फरन्स एवढी मोठी, तरी विद्यापीठाच्या कॅम्पसवरच भरते आणि प्रवेश फुकट. हॉल बघायला लॅपटॉप घेऊनच जा, प्रोजेक्टरला लावा, शेवटच्या रांगेत बसून कोडची अक्षरं वाचता येतात का बघा, प्लग पॉइंट मोजा, व्हीलचेअर आत येते का तेही. आमच्या एका हॉलचं वायफाय 30 जणांतच बसलं होतं, तेव्हापासून मी हे लेखी विचारते.

स्पॉन्सरसाठी चार-पाच महिने आधीच लागा. कंपनीच्या जनरल मेल आयडीवर पाठवून फारसं काही होत नाही, तिथे काम करणारा आपल्याच मीटअपमधला कोणीतरी गाठा, तो आत शब्द टाकतो. मेल छोटा ठेवा, किती लोक येणार, कोण येणार, पैसे कशावर खर्च होणार, बस. रोख नाही म्हणाले तर जेवण किंवा त्यांच्या ऑफिसमधली जागा मागा. स्टेजवरचं भाषण मात्र अजिबात विकू नका, लोक शिकायला येतात. आणि होकार आला म्हणून लगेच खर्च करू नका, पेमेंट यायला महिना-दोन महिने सहज जातात.